विधानमंडळाला हरकत पाठवून बघितली

जनसुरक्षा विधेयकावर लोकांकडून सूचना-हरकती मागवल्यात हे मला कळलं तेव्हा मुदत संपत आली होती, 1 एप्रिल 2025 ही शेवटची तारीख, आणि मार्च महिना म्हणजे आमच्या धंद्यात मान वर करायला फुरसत नसते. मी हिशोबाची कामं करतो, निफाड-चांदवड पट्ट्यातले व्यापारी, दोन-चार शेतकरी कंपन्या, एक पतसंस्था असा गोतावळा आहे आणि घरचा कांदा आहेच, त्यामुळं मार्च एंडला कुणी विधेयक-बिधेयक काढलं की मी सरळ हात जोडतो. पण ज्याने पीडीएफ पाठवली त्याने खाली एकच ओळ टाकली होती, "रास्ता रोकोला येणाऱ्यांनी वाचून ठेवा", मग म्हंटलं बघू तरी काय आहे.

कारण रास्ता रोको आमच्याकडे काय नवीन आहे का राव. भाव पडला, निर्यातीवर काही बंधन आलं, की चांदवड चौफुली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा शरद पवार स्वतः येऊन बसले होते तिथे, मीपण होतो, मागे कुठंतरी उन्हात. मुंबई-आग्रा हायवे अडला होता, पोलिसांनी काही लोकांना उचललं, सोडलं, हे नेहमीचंच. आमच्या गावातल्या अर्ध्या लोकांवर कधी ना कधी अशी केस लागलेली असते आणि ती काही कुणी लाजेने सांगत नाही.

तर विधेयक. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. हे पहिल्यांदा जुलै 2024 च्या पावसाळी अधिवेशनात आणलं होतं, पण ते पुढे गेलंच नाही, मग निवडणुका झाल्या, मग डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात परत मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं. समितीचे अध्यक्ष महसूलमंत्री बावनकुळे, आत विरोधी पक्षाचे पण मोठे मोठे लोक. सरकारचं म्हणणं असं की जंगलातला नक्षलवाद आता शहरात संघटनांच्या रूपात आलाय, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र, ओडिशा या राज्यांनी असे कायदे करून 48 संघटनांवर बंदी घातली, आपल्याकडे तसा कायदा नाही म्हणून त्या संघटना इथं येऊन बसतात.

वाचायला बसलो रात्री जेवणं झाल्यावर. मी जीएसटीचे सर्क्युलर वाचून वाचून घट्ट झालेला माणूस आहे, तरीपण व्याख्येचं कलम वाचताना तीनदा मागं जावं लागलं. बेकायदेशीर कृत्य म्हणजे काय याची यादी आहे. त्यात बंदुका-स्फोटकं आहेत, हिंसाचार आहे, ठीक, त्याला कोण नाही म्हणेल. पण त्याच यादीत सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणारं किंवा तसा कल असणारं कृत्य आहे, रेल्वे-रस्ता-विमान-जलमार्ग अशी दळणवळणाची साधनं विस्कळीत करणं आहे, आणि प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्था यांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हे पण आहे. आणि हे सगळं प्रत्यक्ष कृतीनेच व्हायला पाहिजे असं नाही, बोलून, लिहून, खुणेने, चित्राने, कसंही. आता चौफुलीवर माईक घेऊन "कर्जाचा हप्ता भरू नका, वीजबिल भरू नका" असं तर आमच्याकडचा प्रत्येक पुढारी बोलून गेलाय, त्यातले काही नंतर मंत्री पण झाले.

शिक्षा बघितली. बंदी घातलेल्या संघटनेचा सभासद असेल तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 3 लाखांपर्यंत दंड, सभासद नसूनही वर्गणी दिली किंवा गोळा केली तर 2 वर्षं आणि 2 लाख, आणि प्रत्यक्ष कृत्य केलं तर 7 वर्षं, 5 लाख. सगळे गुन्हे दखलपात्र, अजामीनपात्र. संघटना ज्या जागेत काम करते ती जागा जिल्हाधिकारी ताब्यात घेऊ शकतात.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वर्गणीचं. कारण मी खजिनदार माणूस. गावच्या वाचनालयाचा खजिनदार, पाणी आंदोलनाच्या वेळी समितीचा खजिनदार, दोन गणपती मंडळांचे हिशोब फुकट लिहितो ते वेगळं. पैसे माझ्या पावतीबुकावर येतात. भाषण करणारा भाषण करून जातो, सही माझी राहते. उद्या एखाद्या संघटनेचं नाव यादीत आलं आणि तिनं कधीकाळी आमच्या सभेचा मंडप खर्च दिलेला निघाला तर काय, किंवा आम्ही तिला दिलेला निघाला तर. माझ्यासारख्या माणसाला हे आधी दिसतं, विचारस्वातंत्र्य वगैरे नंतर.

दुसऱ्या दिवशी आमच्या इथल्या वकीलसाहेबांना गाठलं. ते म्हणाले हरकत लिहायची तर "हे काळं विधेयक मागे घ्या" असं एका ओळीत लिहू नको, तसे हजारो जातील, कलम नंबर लिही, त्यातले कुठले शब्द खटकतात ते लिही, त्याच्या जागी काय पाहिजे ते लिही आणि कारण दोन ओळीत दे. कोण वाचतं ते सोड, पण वाचणाऱ्याला टिपण काढायला सोपं पाहिजे. हा सल्ला मला एकदम पटला कारण इन्कम टॅक्सच्या नोटीसला उत्तर आम्ही असंच देतो. मग एक टेबल केलं, चार कॉलमचं, आणि त्यात लिहायला लागलो.

आणि तिथंच माझा आतेभाऊ आडवा आला.

दादा पोलिसातून रिटायर झालाय. नोकरीतली काही वर्षं गडचिरोलीत काढली त्याने, त्याबद्दल तो फार बोलत नाही, पण 1 मे 2019 चा विषय निघाला की त्याचा आवाज बदलतो, जांभुळखेड्याला नक्षल्यांनी सुरुंग लावून गाडी उडवली, 15 पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेला. महाराष्ट्र दिनाला. दादा माझ्या ऑफिसात चहाला आला होता, स्क्रीनवरचं टेबल वाचलं आणि म्हणाला, "तू कुणासाठी हे लिहून राहिला? त्यांना पैसा, गोळ्या-औषधं, पोरं कुठून जातात माहितीये का तुला? शहरातून जातात. जंगलातला माणूस पकडायला आमचं रक्त जातं आणि शहरातला माणूस टीव्हीवर बसून आम्हालाच शिव्या घालतो."

मी म्हंटलं दादा, त्यासाठी यूएपीए आहे ना, केंद्राचा बेकायदा कृत्यांविरुद्धचा कायदा 1967 चा, संघटित गुन्हेगारीचा मकोका आहे 1999 चा, तेवढ्याने होत नाही का. तो म्हणाला यूएपीएत सिद्ध करता करता वर्षं जातात, संघटना नाव बदलून परत उभी राहते. मी म्हंटलं मग हा कायदा केला तरी नाव बदलणारच. तो म्हणाला ते तू नको सांगू मला. असं बराच वेळ चाललं, चहा गार झाला, परत मागवला.

मी इथं सांगून टाकतो की दादाचं सगळंच खोटं आहे असं मला वाटत नाही. जो माणूस सुरुंगाच्या रस्त्यावरून रोज चालत गेलाय त्याच्यासमोर मी व्याख्येतले स्वल्पविराम मोजत बसणं हे मलाच थोडं विचित्र वाटत होतं. पण मी त्याला एकच विचारलं, दादा, तू तर रिटायर झालास, नवा पीआय आला, त्याला आमच्या मोर्चाचा कंटाळा आला, तो यादीतलं कुठलं वाक्य वापरेल, स्फोटकांचं की रस्ता अडवण्याचं? दादा गप्प बसला नाही, तो गप्प बसणाऱ्यातला नाहीच, पण म्हणाला "मग तेवढं लिही, बाकीचं खोड." आणि खरंच मी बाकीचं बरंचसं खोडलं.

शेवटी जे राहिलं ते असं. एक, दळणवळण विस्कळीत करणं हे हिंसेशी जोडा, नुसतं रस्त्यावर बसणं त्यात येता कामा नये. दोन, "अवज्ञेला प्रोत्साहन" हे वाक्यच काढा, आपल्या महाराष्ट्रात 1930 साली शिरोड्याला मीठ उचलणाऱ्यांना आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो आणि त्यांचं काम नेमकं हेच होतं. तीन, वर्गणीच्या बाबतीत, बंदीच्या तारखेआधीचा व्यवहार आणि अजाणता केलेला व्यवहार गुन्हा धरू नका असं स्पष्ट लिहा. चार, बंदी बरोबर आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळात खरे न्यायाधीश पाहिजेत, न्यायाधीश व्हायला पात्र असलेली व्यक्ती म्हणजे कुणीही वकील बसवता येतो. पाचवा मुद्दा माझा स्वतःचा, वकीलसाहेब म्हणाले तो विधेयकाच्या बाहेरचा आहे, खोड, पण मी ठेवला. त्यात मी लिहिलं की सार्वजनिक सुरक्षेसाठी राज्य किती आणि कशावर खर्च करतं हे पण असंच लोकांसमोर ठेवून सूचना मागवाव्यात. त्यावर नंतर येतो.

एक प्रत ईमेलने पाठवली, एक रजिस्टर एडीने, विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई 400032. पोस्टातला माणूस पत्ता वाचून म्हणाला काय साहेब, तिकीट मागितलं का? काही आठवड्यांनी एडीचं पिवळं कार्ड परत आलं, शिक्का मारलेलं. तेवढंच उत्तर. ईमेलला काहीच आलं नाही. मी कार्ड फाइलला लावून ठेवलं, सवयच आहे.

आता पाचवा मुद्दा.

मार्चमध्ये 10 तारखेला अजितदादांनी बजेट मांडलं होतं, 7 लाख कोटींच्या वर. महसुली तूट 45 हजार 891 कोटी. कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाणार आणि नुसतं व्याजच वर्षाला साठ हजार कोटींच्या पुढे. मी रोज लोकांच्या बॅलन्सशीट बघतो, असं बॅलन्सशीट घेऊन कुणी आमच्या पतसंस्थेत आला असता तर मॅनेजरने चहा पाजून वाटेला लावला असता. राज्याचं तसं नसतं हे मला कळतं, राज्य कर लावू शकतं, राज्य बुडत नाही, आणि देशाच्या मानाने महाराष्ट्राचं कर्जाचं उत्पन्नाशी प्रमाण काही सगळ्यात वाईट नाही. पण पैसा कमी आहे म्हणजे कुठेतरी कापणार, आणि कुठे कापलं हे भाषणात येत नाही, त्यात शेर येतात.

आणि बजेट तरी लोक टीव्हीवर बघतात. पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर मधेच मागितलेले जादा पैसे, ते कोण बघतं? मला नाद आहे म्हणून मी बघतो. ज्या अधिवेशनात हे जनसुरक्षा पहिल्यांदा आलं, जुलै 2024, त्याच अधिवेशनात 94 हजार 889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या होत्या, त्यात 25 हजार कोटी एकट्या लाडक्या बहिणीचे. नंतर 2025 मध्ये 30 जूनला अधिवेशन सुरू झालं त्याच दिवशी 57 हजार 509 कोटींच्या. बजेट होऊन चार महिने पण झाले नव्हते. त्यात सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जाला दोन हजार कोटींच्या वर आहेत, सिंहस्थाला आहेत, मेट्रोला आहेत. यातलं काय बरोबर काय चूक हा भाग वेगळा, पण एका विधेयकातल्या एका शब्दावर तुम्ही मला मुदत देऊन विचारता, आणि एवढ्या रकमेवर माझ्या आमदाराला बोलायला किती मिनिटं मिळतात ते एकदा यूट्यूबवर लाइव्ह बघा. मी बघितलंय. एक आमदार आपल्या मतदारसंघातल्या पुलाचं नाव घेऊन खाली बसतो, दुसरा आपल्या शाळेचं, बेल वाजते, मागण्या मंजूर.

लाडकी बहीण म्हंटलं की लोक लगेच दोन गटात उभे राहतात म्हणून सांगतो, आमच्या घरात वहिनीला ते 1500 रुपये येतात आणि ती ते कुणाला विचारून खर्च करत नाही, हे मला आवडतं. ती तिच्या गुडघ्याच्या गोळ्या आणते. ह्यात फुकटेपणा काढणाऱ्यांनी आधी कारखान्यांच्या थकहमीचं बोलावं मग हिच्या गोळ्यांचं. पण तपासणी आधी करायची का नंतर? निवडणुकीआधी फॉर्म धडाधड मंजूर, आणि जुलै 2025 मध्ये मंत्री अदिती तटकरेंनी सांगितलं की 26 लाख 34 हजार अर्ज अपात्र वाटतात म्हणून पैसे थांबवले, आणि बातम्या आल्या की 14 हजारांवर पुरुषांच्या नावावर पैसे गेले. आमच्या पतसंस्थेत एक पुरुष "बहीण" निघाला असता तर ऑडिटरने माझी चामडी सोलली असती. आणि सामाजिक न्याय आणि आदिवासी विभागाचे पैसे तिकडे वळवल्याबद्दल तर त्याच सरकारमधले मंत्री संजय शिरसाट उघड बोलले मे 2025 मध्ये. दुसरीकडे एक रुपयातला पीकविमा 2025 च्या खरिपापासून बंद. त्यात बोगस अर्ज होते हे खरंय, आमच्या भागात पण कुणाच्या कुणाच्या जमिनीवर विमा उतरवला होता, पण बोगस बंद करायचा म्हणून सगळ्यांचाच बंद.

यात सुरक्षा कुठे आली? सगळीकडे. चांदवडजवळच्या राहुड घाटात अपघात झाला की पहिली पोचतात ती आसपासच्या गावची पोरं, जीप काढतात, कापडं बांधतात, जखमीला घेऊन जातात. ह्या पोरांना कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही, हातमोजे पण नसतात. भंडाऱ्याला 9 जानेवारी 2021 ला सरकारी दवाखान्याच्या नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली, सगळा महाराष्ट्र हळहळला, सगळ्या दवाखान्यांचं फायर ऑडिट करायचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या सिव्हिलमध्ये आयसीयू पेटला, 11 माणसं. ऑडिट करायला कायदा नव्हता असं नाही, आग प्रतिबंधाचा राज्याचा कायदा 2006 चा आहे. कायद्याच्या कागदावरून वायरिंग बदलत नाही, वायरिंग बदलायला हेडखाली पैसे टाकावे लागतात आणि ते वेळेत सोडावे लागतात.

शक्ती विधेयकाचं बघा ना. डिसेंबर 2020 मध्ये आणलं, महिलांवरच्या अत्याचाराला जबर शिक्षा, तेव्हा पण संयुक्त समिती, डिसेंबर 2021 ला दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलं, पेढे वाटायचे बाकी होते. राष्ट्रपतींच्या संमतीला दिल्लीला गेलं आणि तिथंच अडकलं. मधल्या काळात महिला पोलीस किती वाढल्या, फॉरेन्सिकचे रिपोर्ट किती लवकर यायला लागले, यावर सभागृहात तेवढ्या त्वेषाने बोललेलं मला तरी आठवत नाही. कायदा मंजूर करायला एक दुपार लागते आणि बातमी होते. लॅबमध्ये माणूस भरायला दरवर्षी पगार लागतो आणि बातमी होत नाही.

आणि नाशिककरांना तर हे सांगायलाच नको. 2003 च्या सिंहस्थात सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली, तीसच्या वर माणसं गेली, माझ्या ओळखीतले एक काका त्या दिवशी तिथं होते, ते अजून गर्दीत जात नाहीत. आता 2027 ला परत सिंहस्थ आहे, त्यासाठी प्राधिकरणाचा कायदा झाला, पुरवणीत पैसे आले, चांगलंय. हजारो कोटींचे रस्ते-पूल होतील. माझी अपेक्षा एवढीच की त्यातले गर्दी सांभाळायला किती आणि डांबराला किती हे कुणीतरी वेगळं काढून दाखवावं. बीम्स पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या बजेटच्या वेबसाइटवर, कुठल्या खात्याला किती तरतूद, किती वाटली, किती खर्च झाली हे दिसतं, पण ते बघायला माझ्यासारखा रिकामटेकडा अकाउंटंट लागतो.

आता जुलै 2025 मध्ये काय झालं ते. समितीचा अहवाल आला. 12 हजारांच्या वर सूचना आल्या होत्या असं सांगितलं. बदल काय झाले तर उद्देशातले व्यक्ती आणि संघटना हे शब्द काढून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशाच संघटना असं केलं, सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी हायकोर्टाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि हायकोर्टातले सरकारी वकील, आणि तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. म्हणजे माझ्या चार नंबरच्या मुद्द्याचं काहीतरी झालं. माझ्यामुळं झालं असं म्हणायला मी खुळा नाही, हजारो लोकांनी तेच लिहिलं असणार, पण खरं सांगतो बरं वाटलं. वकीलसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "आणि व्याख्येचं, दोन नंबरचं कलम वाचलंस का?" वाचलं. रस्ता तिथंच आहे, अवज्ञा तिथंच आहे. उद्देशात एक लिहिलं तरी कोर्टात वापरायला व्याख्याच लागते, आणि "किंवा तशाच" ह्या शब्दांत किती माणसं बसतील ते ज्याच्या हातात पेन आहे तो ठरवणार.

10 जुलैला विधानसभेत चर्चा होती, मी कांदा चाळीत पंखे लावायचं काम चालू होतं तिथं मोबाईलवर लाइव्ह लावून बसलो. मजूर विचारायला लागले मॅच कुणाची. मुख्यमंत्री फडणवीस चांगलं बोलतात हे मान्य करावं लागेल, त्यांनी सांगितलं की सरकारविरोधात बोलणाऱ्यांवर, आंदोलन करणाऱ्यांवर हा कायदा वापरला जाणार नाही. मी मनात म्हंटलं साहेब हेच एका ओळीत कलमात टाका ना, तुमच्यानंतर जो त्या खुर्चीवर बसेल त्याला तुमचं भाषण लागू नसतं. विरोधकांकडून मला जास्त अपेक्षा होती आणि तिथंच जास्त राग आला. बाहेर गावोगाव मोर्चे निघाले होते, आत मात्र डहाणूचे माकपचे विनोद निकोले सोडले तर ठामपणे विरोध नोंदवलेला दिसला नाही. आवाजी मतदान, मंजूर. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी गोंधळ केला, सभात्याग केला, पण घोडं गेल्यावर तबेल्याला कुलूप. समितीत तुमचे दिग्गज बसले होते ना, तिथं भिन्नमतपत्रिका देऊन भांडायचं होतं.

एक गंमत म्हणजे हा सगळा सुरक्षेचा कायदा करून आठवडा होतो न होतो तोच 17 जुलैला खुद्द विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या कार्यकर्त्यांची हाणामारी झाली. त्याच्यावर उपाय म्हणून काय केलं तर अधिवेशन काळात बाहेरच्या लोकांना प्रवेशच बंद, अध्यक्षांनी जाहीर केलं. दादाने मला ती क्लिप पाठवून खाली लिहिलं, "ह्यांना लाव कलम."

दादाचं आणि माझं जनसुरक्षेवर अजून जमलेलं नाही आणि जमेल असं वाटत पण नाही. पण पाचव्या मुद्द्यावर जमलं. तो म्हणाला गडचिरोलीत असताना आम्हाला कायद्यापेक्षा हेलिकॉप्टर वेळेवर पाहिजे होतं, जखमी माणूस नागपूरला पोचला की वाचतो. म्हणून आम्ही दोघांनी मिळून आमदारांना एक निवेदन द्यायचं ठरवलं, घाटाच्या आसपासच्या गावांतल्या पोरांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि किट, घाटाच्या पायथ्याला कायमस्वरूपी ॲम्ब्युलन्स, आणि आमच्या गावच्या दवाखान्याचं वायरिंग. रक्कम मी काढली, इस्टिमेट एका ओळखीच्या इंजिनिअरने फुकट करून दिलं, गावाच्या सह्या दादाने गोळा केल्या, पोलिसी आवाज असा कामाला येतो.

आमदार भेटले नाहीत, पीए भेटला, तो बिचारा चांगला पोरगा आहे. त्याने निवेदन सगळं वाचलं, इस्टिमेट बघून म्हणाला एवढं व्यवस्थित कुणी आणून देत नाही. लक्षवेधी, म्हणजे सभागृहात मंत्र्याला उत्तर द्यायला लावणारी सूचना, लावता येईल का विचारलं तर म्हणाला लक्षवेधीचा नंबर लागणं म्हणजे नशीब, लागला तरी उत्तरात "तपासून कार्यवाही करू" एवढंच येतं, पैसे येत नाहीत. मग पैसे कशात येतात? तो म्हणाला, "काका, बजेट तर होऊन गेलं. डिसेंबरच्या पुरवणीत टाकायचा प्रयत्न करू, साहेब नागपूरला जायच्या आधी एकदा आठवण करा."

तर आता ज्या पुस्तकाला मी गेली कित्येक वर्षं नावं ठेवतोय त्याचीच वाट बघत बसलोय, आणि दादा दर सोमवारी सकाळी पीएला फोन लावतो.